नायलॉन आणि पॉलिस्टर एका तंतूत: थर सुटू नयेत म्हणून

चष्मा पुसायचं मायक्रोफायबरचं कापड बोटांवर ओढून बघा. त्वचेच्या बारीकशा खरखरीतपणालाही ते अडकतं. यातल्या बऱ्याच कापडांचे तंतू मुळात जाड असतात. नायलॉन आणि पॉलिस्टर संत्र्याच्या फोडींसारखे शेजारी शेजारी बसवून एकच तंतू काढतात आणि नंतर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने किंवा रसायनाने तो मुद्दाम फोडतात. तो सहज फुटतो, कारण या दोघांचं एकमेकांशी जमत नाही. पुसायच्या कापडात हे न जमणंच कामाला येतं, पण तंतू अखंड हवा असेल तिथे तीच मोठी अडचण होते.

दोन पदार्थांचा एक तंतू ही कल्पना निसर्गातलीच. मेरिनो लोकरीच्या केसाचे दोन उभे अर्ध वेगवेगळे असतात आणि लोकरीचा कुरळेपणा त्यातूनच येतो, हे जपानच्या होरिओ आणि कोंडो यांनी १९५३ साली दाखवलं. पुढे ड्यू पाँट या अमेरिकी रसायन कंपनीने हीच युक्ती ॲक्रिलिक आणि नायलॉनमध्ये वापरली. दोन बाजू उष्णतेने कमी-जास्त आकसतात आणि तंतू वळतो. मात्र त्या दोन बाजू एकाच कुळातल्या होत्या, ॲक्रिलिकला ॲक्रिलिक, नायलॉनला नायलॉन. त्यामुळे चिकटण्याचा प्रश्न फारसा आला नाही.

तो आला दोन कुळं एकत्र आणल्यावर. वितळलेल्या अवस्थेत नायलॉन आणि पॉलिस्टर एकाच बारीक छिद्रातून बाहेर पडतात, पण दोघांच्या सीमेवर त्यांच्या रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकांत फारशा शिरत नाहीत. मग तंतू ओढून कित्येक पट लांब करतात, त्याला पीळ देतात, पुढे सुमारे १३० अंशांवर दाबाखाली रंगवतात. दर टप्प्याला ताण येतो तो नेमका सीमेवर. भर म्हणजे नायलॉन नेहमीच्या हवेत सुमारे ४ टक्के ओलावा धरतो, पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. एक फुगतो, दुसरा तसाच राहतो. थर सुटले की मधल्या फटींत प्रकाश विखुरतो आणि गडद रंगाच्या कापडावर पांढुरके पट्टे उमटतात. रंगाऱ्याने कितीही जीव ओतला तरी ते जात नाहीत, कारण दोष रंगात नसतोच.

पहिले उपाय आकाराचे होते. एका पदार्थाचा गाभा करून दुसऱ्याने तो सगळीकडून वेढायचा, किंवा सीमा सरळ न ठेवता सुताराच्या खाचेसारखी एकमेकांत अडकवायची. हे उपाय चालतात, पण घासलं गेलं किंवा टोक कापलं गेलं की आवरण सोलायला लागतं. माझ्या मते खरी वाट रसायनाची. पॉलिस्टर बनवतानाच त्याच्या साखळीत सल्फोआयसोफ्थॅलिक आम्लाचं सोडियम मीठ थोडं गुंफायचं. हा घटक मुळात पॉलिस्टरला कॅटायनिक (म्हणजे धनभारित) रंग बसावेत म्हणून वापरला जायचा. त्याचे विद्युतभारित गट नायलॉनच्या साखळीतल्या अमाइड गटांना ओढून धरतात आणि सीमा पक्की होते. वेगळा गोंद लागत नाही, आणि मला यातलं हेच सर्वात आवडतं.

या वाटेची कठीण परीक्षा मॉर्फोटेक्स नावाच्या तंतूत झाली. दक्षिण अमेरिकेतल्या मॉर्फो फुलपाखराचा निळा रंग पंखांवरच्या सूक्ष्म थरांतून येतो, रंगद्रव्यातून नाही. तेच साधायला जपानच्या तेइजिन कंपनीने मॉर्फोटेक्समध्ये पॉलिस्टर आणि नायलॉनचे एकाआड एक ६१ थर एका तंतूत बसवले. प्रत्येक थर सुमारे ७० ते १०० नॅनोमीटर जाड. थर किती जाड, यावर कोणता रंग दिसणार हे ठरतं. म्हणून इथे थरांमध्ये फट पडणं म्हणजे रंगच बिघडणं. दोन थर, एक सीमा, इतकाच हिशेब साध्या तंतूत असतो. इथे एकाच तंतूत ६० सीमा सांभाळायच्या होत्या.