गेम खेळायचा पीसी आणि गेम बनवायचा पीसी

मागच्या एप्रिलात शेजारचे काका नागपूरच्या सीताबर्डीहून एक कोटेशन घेऊन घरी आले. त्यांच्या मुलीने गेम डेव्हलपमेंटच्या कोर्सला प्रवेश घेतला होता. दुकानातल्या पोराने त्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं, "काका, गेमिंगचा टॉपचा पीसी आहे. याच्यावर सगळं मक्खन चालते." कागदावर होतं: रायझेन ७ ७८००एक्स३डी प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ८ जीबीचं आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, ५१२ जीबीची एसएसडी, १६५ हर्ट्झचा मॉनिटर. काकांनी विचारलं, "गेमिंगचा पीसी म्हणजे गेम बनवायचाही झालाच ना?"

अनरील इंजिन या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर माझं पोट चालतं, त्यामुळे हा प्रश्न दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी विचारतंच. दुकानातला पोरगा खोटं बोलत नव्हता. त्या पीसीवर गेम खरंच छान चालले असते. पण ती मुलगी त्यावर गेम बनवणार होती. दोन्ही पीसींची काच सारखी, दिवे सारखे, कार्डावरचं नावही सारखं. आतलं काम मात्र पार निराळं.

खेळणाऱ्याच्या हाती येतो तो तयार माल. टेक्स्चर (वस्तूंवर चढवायची चित्रं) दाबून लहान केलेली, कोड कंपाइल झालेला (म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवलेला), नको ते सगळं गाळलेलं. अनरीलमध्ये प्रोजेक्टला हे रूप देण्याच्या टप्प्याचं नावच 'कुक' आहे, आणि ते अगदी चपखल आहे. सावजीचं ताट पुढ्यात आलं की जेवणाऱ्याला ताट-वाटी पुरते. तोच रस्सा करायचा तर मसाला भाजायला कढई, वाटायला पाटा, शिजवायला मोठं पातेलं आणि हे सगळं मांडायला जागा लागते. गेम बनवणाऱ्याच्या पीसीवर कच्चा माल, अर्धवट शिजलेला माल आणि तयार ताट, तिन्ही एकाच वेळी मांडलेले असतात.

आधी प्रोसेसरचं बघू, कारण सगळ्यात जास्त गल्लत तिथेच होते. ७८००एक्स३डी हा २०२३ चा आठ कोअरचा, म्हणजे एकाच वेळी राबणाऱ्या आठ मेंदूंचा प्रोसेसर. त्यात ९६ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) आहे आणि गेम खेळताना तो आपल्यापेक्षा महागड्या १६ कोअरच्या ७९५०एक्सलाही मागे टाकतो. याचं कारण गेमच्या कामाच्या स्वरूपात आहे. गेमचं बरंचसं ओझं मोजक्या थ्रेडवर, म्हणजे कामाच्या धाग्यांवर असतं आणि त्यांना लागणारी माहिती जवळच्या कॅशेत सापडली की फ्रेम, म्हणजे पडद्यावरची एकेक चित्रं, भराभर निघतात. सी++ चा कोड कंपाइल करायला लागलात की चित्र उलटं होतं. शेकडो फाइली, प्रत्येक फाइल स्वतंत्र, जितके कोअर तितके हात कामाला. शेडर (पडद्यावरचे रंग-प्रकाश ठरवणारे छोटे प्रोग्राम) कंपाइल होतानाही अनरील एकाच वेळी अनेक छोटे वर्कर सुरू करतं. तिथे ७९५०एक्स पुढे निघून जातो आणि एक्स३डीचा मोठा कॅशे त्याची भरपाई करू शकत नाही. खेळणाऱ्याला एका सेकंदात किती फ्रेम मिळाल्या ते महत्त्वाचं. बनवणाऱ्याला एक ओळ बदलल्यावर किती मिनिटं हातावर हात ठेवून बसावं लागलं, ते. यूट्यूबवरच्या बहुतेक तुलना पहिला आकडा दाखवतात, आणि लोक तो पाहून दुसऱ्या कामाचा पीसी घेतात.

नुसते कोअर वाढवूनही भागत नाही. अनरीलची बिल्ड यंत्रणा, म्हणजे कोडपासून गेम तयार करणारा भाग, किती कामं एका वेळी चालवायची ते ठरवताना मोकळी रॅम मोजते आणि दर कामामागे साधारण दीड जीबी धरते. आता १६ जीबीच्या पीसीवर विंडोज, अनरीलचा एडिटर, कोड लिहायचं व्हिज्युअल स्टुडिओ आणि ब्राउझर उघडे असताना सहा-सात जीबी मोकळी राहिली तर चारच कामं सुरू होतात. प्रोसेसर बारा कोअरचा असो की सोळा, बाकीचे कोअर रिकामे बसतात. बिल्डच्या लॉगमध्ये तशी ओळ छापून येते, पण नवीन पोरं ती वाचत नाहीत आणि प्रोसेसरला दोष देतात. मीही सुरुवातीला एक अख्खा सेमिस्टर १६ जीबीच्या लॅपटॉपवर अशा अर्ध्या वेगाने काढला. रॅम बदलल्यावर तोच प्रोसेसर नवा असल्यासारखा धावू लागला.

अनरील बनवणाऱ्या एपिक कंपनीच्या कागदपत्रांत अनरील ५ साठी ३२ जीबी रॅम आणि ८ जीबी किंवा त्याहून जास्त ग्राफिक्स मेमरी सुचवलेली आहे. माझ्या मते ३२ ही सुरुवात समजावी. डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅममध्ये एक मेख आहे: चार स्टिक लावल्या की बहुतेक बोर्डांवर रॅमचा वेग खाली येतो. म्हणून ३२ जीबी दोन १६ च्या स्टिकमध्ये घ्या. पुढे ६४ लागली तर त्या विकून दोन ३२ च्या लावा. "आता दोन, पुढच्या वर्षी अजून दोन" हा हिशोब डीडीआर४ मध्ये चालून जायचा.

रॅम आणि ग्राफिक्स कार्डाची मेमरी, म्हणजे व्हीरॅम, दोन्ही जीबीतच मोजतात, म्हणून पालक त्यांची बेरीजही करतात. "१६ आणि ८, म्हणजे २४ झाली की!" तसं होत नाही. व्हीरॅम कार्डावरच असते आणि नंतर वाढवता येत नाही. या मेमरीच्या बाबतीत आरटीएक्स ३०६० आणि ४०६० ची जोडी सगळ्यात बोलकी आहे. ३०६० आलं २०२१ मध्ये, १२ जीबी मेमरी घेऊन. ४०६० आलं २०२३ मध्ये, ८ जीबी घेऊन. खेळायचं असेल तर ४०६० घ्यावं, त्यात दुमत नाही: फ्रेम जास्त, वीज कमी, शिवाय मधल्या फ्रेम स्वतः रचून देणारं फ्रेम जनरेशन. पण त्या रचलेल्या फ्रेम बनवणाऱ्याच्या कामाच्या नाहीत. त्याच्या एडिटरमध्ये मोठमोठी ४के टेक्स्चर उघडी असतात, बाजूला ३डी मॉडेल बनवायचं ब्लेंडर चालू असतं, दुसऱ्या मॉनिटरवर ब्राउझर, आणि हे सगळे त्याच मेमरीतून आपापला वाटा घेतात. आठ जीबी भरली की एडिटर अडखळतो, कधी बंदच पडतो. बारा जीबीचं जुनं कार्ड तिथे निमूट काम करत राहतं. मात्र ३०६० चं ८ जीबीचं रूपही बाजारात आलं होतं, तेव्हा खोक्यावरचा आकडा वाचूनच पैसे द्या. ४०६० टीआय आणि ५०६० टीआय ही दोन्ही कार्डंसुद्धा ८ आणि १६ अशा दोन रूपांत निघाली, नाव तेच ठेवून. बनवायच्या पीसीत १६ चंच बसवावं.

अनरीलमध्ये कोपऱ्यात कधीकधी लाल अक्षरं दिसतात की टेक्स्चर स्ट्रीमिंग पूल बजेटबाहेर गेला. ते पाहून मोठं कार्ड घ्यायला धावू नका. तो पूल म्हणजे टेक्स्चरसाठी किती मेमरी राखायची ते ठरवणारी इंजिनातली एक सेटिंग असते, भरपूर मेमरीच्या कार्डावरही ही ओळ येते. अशा फसव्या संदेशाचं याहून मोठं उदाहरण इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या प्रोसेसरचं. अनरीलवर बनलेले गेम सुरू होताना "व्हिडिओ मेमरी संपली" असं सांगून बंद पडत होते. लोक कार्ड बदलत बसले, पण दोष प्रोसेसरमध्ये होता. २०२४ मध्ये इंटेलने दुरुस्तीचे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. सेकंडहँड आय९ किंवा आय७ स्वस्तात मिळत असेल तर आधी बायोस (पीसी सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम, ज्यातून हा मायक्रोकोड येतो) अद्ययावत आहे का ते विचारा. झालेली इजा मायक्रोकोडने भरून निघत नाही.

लॅपटॉपचं थोडक्यात सांगतो. डेस्कटॉपचं आरटीएक्स ४०७० म्हणजे १२ जीबी, लॅपटॉपचं आरटीएक्स ४०७० म्हणजे ८ जीबी. लॅपटॉपमधल्या ४०६० ला कंपनी ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही वीज देऊ शकते, आणि मॉडेलच्या मोठ्या अक्षरांत हा आकडा लिहिलेला नसतो. रोज कॉलेजला न्यावाच लागत असेल तरच लॅपटॉप घ्या.

त्यातून आपलं नागपूर. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात आणि वरच्या मजल्यावरची खोली रात्रीही तापलेलीच. गेम खेळताना प्रोसेसरला मधेमधे उसंत मिळते. पूर्ण बिल्ड, लाइट बेक (प्रकाश-सावल्या आधीच मोजून ठेवणं) किंवा ब्लेंडरचा रेंडर सुरू झाला की सगळे कोअर किंवा कार्ड अर्धा अर्धा तास पूर्ण जोरात चालतं. खोलीच तापलेली असल्यावर लॅपटॉप काही मिनिटांत आपला वेग उतरवतो. डेस्कटॉपलाही प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा मोठा हीटसिंक आणि पुढून हवा घेणारं जाळीचं कॅबिनेट लागतं. काचेचं बंद तोंड शोभेला ठीक, इथल्या उन्हाळ्याला नाही. त्यात आपल्याकडे घरोघरी कूलर. त्याचा ओला झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका: वाळ्याच्या ताट्यांतून येणारा ओलावा आणि धूळ मिळून हीटसिंकवर नमद्यासारखा थर बसतो. कॅबिनेट झोताच्या बाजूला ठेवा आणि खोलीतली हवा बाहेर जाईल एवढी खिडकी उघडी असू द्या.

म्हणूनच मला रायझेन ९ ७९०० आवडतो. बारा कोअर, आणि कागदावर ६५ वॅट. त्याचा भाऊ ७९००एक्स १७० वॅटचा, पण कामात तेवढा फरक पडत नाही. एक्स असलेला आधीच घेतला असेल तर बायोसमध्ये कमी विजेचा इको मोड लावून त्याची भूक आवरता येते.

एसएसडी एक टीबीपेक्षा लहान नको. खेळणारा एकदा गेम टाकतो आणि मग फक्त वाचतो. बनवणारा दिवसभर लिहीत असतो: शेडरचा कॅशे, कुक केलेल्या फाइली, युनिटी या दुसऱ्या इंजिनाचा लायब्ररी फोल्डर. ५१२ जीबी तर इंजिन, व्हिज्युअल स्टुडिओ आणि दोन प्रोजेक्ट यांतच संपते.

आणि हे सगळं अनरीलपुरतं. मुलीला आधी हात बसवायचा असेल, २डी गेम करून बघायचे असतील, तर गोडो हे इंजिन घरातल्या जुन्या लॅपटॉपवरही चालतं आणि फुकट आहे. सहा महिने त्यावर काम करून मग पीसी घेतला तर कोणत्या भागावर पैसे घालायचे ते तिलाच कळेल. काकांना मी आधी हेच सुचवलं होतं, पण कोर्सला अनरील सक्तीचं होतं.

मग आम्ही दोघं तेच कोटेशन घेऊन परत दुकानात गेलो. ७८००एक्स३डी काढून ७९०० घातला, रॅम ३२ केली, कार्ड १६ जीबीचं ४०६० टीआय, एसएसडी एक टीबी. १६५ हर्ट्झचा मॉनिटर काढून त्याऐवजी दोन साधे घेतले, कारण एकावर कोड आणि दुसऱ्यावर एडिटर ठेवला की कामाचा उरक वाढतो. पैसे थोडे वाढले, ते काकांनी दिवे आणि काचेच्या कॅबिनेटमधून काढले. निघता निघता मुलीनेच विचारलं, "दादा, बिल्ड चालू असताना लाईन गेली तर?" दुकानातला ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॅट देतो, आणि हा पीसी दोन मॉनिटरसह पूर्ण जोरात त्याच्या आसपास जातो. म्हणून कोटेशनच्या तळाशी एक ओळ हातानेच वाढवली: यूपीएस, ११०० व्हीए.