कर्करोगाच्या पूर्वानुमानात जनुकाची भूमिका : जैवमाहितीशास्त्रीय अभ्यास

गाठीत एखादे जनुक किती सक्रिय आहे किंवा त्यात कोणता बदल झाला आहे, यावरून रुग्णाचा आजार पुढे कसा वळण घेईल याचा अंदाज मोठ्या माहितीसाठ्यांतून बांधण्याची ही पद्धत आहे. तिचा मुख्य आधार म्हणजे अमेरिकेत २००६ मध्ये सुरू झालेला ‘द कॅन्सर जीनोम ॲटलास’ हा प्रकल्प. ३३ प्रकारच्या कर्करोगांच्या ११,०००हून अधिक रुग्णांची जनुकीय माहिती, उपचारांच्या व पाठपुराव्याच्या नोंदींसह त्यात आहे. तिचा बराच भाग कोणालाही विनामूल्य वापरता येतो.

जनुकाची अभिव्यक्ती, म्हणजे सक्रियता, मध्यकापेक्षा जास्त असलेले आणि कमी असलेले, असे रुग्णांचे दोन गट पाडतात. कॅपलान आणि मायर यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या पद्धतीने दोन्ही गटांतले किती रुग्ण किती काळ जगले याचे आलेख काढतात. प्रत्येक मृत्यूगणिक रेषा एक पायरी खाली उतरते. ज्यांचा पाठपुरावा मध्येच थांबला, त्यांच्यासाठी रेषेवर बारीक उभी खूण असते. त्यानंतर डेव्हिड कॉक्स यांच्या १९७२ च्या सांख्यिकी प्रतिमानाने वय, आजाराचा टप्पा यांचा प्रभाव वेगळा काढून जनुकाचे स्वतःचे वजन किती उरते ते पाहतात. सीबायोपोर्टल, जीईपीआयए अशा संकेतस्थळांवर हा आलेख काही मिनिटांत निघतो. आलेख निघणे सोपे असले, तरी त्यावर विश्वास ठेवण्याआधी बरेच काही तपासावे लागते.

या पद्धतीने खरोखर काय हाती लागू शकते, हे आयडीएच-१ या जनुकाने दाखवले. पेशीच्या ऊर्जाचक्राशी निगडित विकर (एन्झाइम) बनवणाऱ्या या जनुकाकडे कर्करोगाच्या संदर्भात कोणाचे लक्ष नव्हते. २००८ मध्ये ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाच्या २२ गाठींमधली २०,०००हून अधिक जनुके वाचली गेली, तेव्हा या जनुकात एकाच ठिकाणी पुन्हापुन्हा येणारे उत्परिवर्तन, म्हणजे बदल, सापडले. पुढे अधिक गाठी तपासल्यावर ते सुमारे १२ टक्के रुग्णांत आढळले. हे रुग्ण तुलनेने तरुण होते आणि त्यांचा जगण्याचा मध्यक ३.८ वर्षे होता, इतरांचा १.१ वर्षे. बदललेले विकर एक वेगळेच रसायन तयार करते, हे पुढच्या वर्षी प्रयोगशाळेत दिसले. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मेंदूच्या गाठींच्या वर्गीकरणातच आयडीएचला स्थान दिले आणि २०२४ मध्ये या विकराला रोखणारे व्होरासिडेनिब हे औषध अमेरिकेत मंजूर झाले. संगणकावरच्या निरीक्षणाला प्रयोगशाळेची आणि नव्या रुग्णांची साथ मिळाली, म्हणूनच ते टिकले.

सगळ्या शोधांच्या वाट्याला हे येत नाही. २०११ मध्ये बेल्जियममधील व्हेने, ड्यूमाँ आणि देतूर यांनी स्तनाच्या कर्करोगासाठी पूर्वानुमानाचे निदर्शक म्हणून प्रसिद्ध झालेल्या ४७ जनुकसंचांची तुलना यादृच्छिकपणे निवडलेल्या संचांशी केली. शंभराहून अधिक जनुकांचे यादृच्छिक संच घेतले, तर त्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक संच जगण्याशी ‘लक्षणीय’ संबंध दाखवत होते. जेवणानंतर हसण्याच्या परिणामांच्या एका अभ्यासातला जनुकसंचही असाच संबंध दाखवत होता! कारण असे की स्तनाच्या गाठीत पेशींच्या विभाजनाच्या वेगाशी असंख्य जनुके जोडलेली असतात आणि आजाराचा निकाल बहुतांशी तो वेगच ठरवतो. म्हणून विभाजनाचा प्रभाव वजा न करता एखाद्या जनुकाला पूर्वानुमानाचे श्रेय देणे मला अयोग्य वाटते.

आणखी दोन चुका वारंवार दिसतात. एक, मध्यकाऐवजी आलेख सर्वांत ठळक दिसेल अशी सीमारेषा शोधून काढणे. त्यामुळे योगायोगही सिद्धांतासारखा दिसू लागतो. दुसरी, गाठीचा तुकडा म्हणजे निव्वळ कर्कपेशी असे गृहीत धरणे. मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगात सीडी८ए हे जनुक जास्त सक्रिय असलेले रुग्ण अधिक काळ जगतात, पण ते जनुक कर्कपेशींचे नसून गाठीत शिरलेल्या टी-पेशींचे, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचे, असते. एकेका पेशीतील जनुके वेगवेगळी वाचणाऱ्या एकपेशीय क्रमवाचनामुळे हा फरक आता दिसू लागला आहे.

ॲटलासमधले बहुसंख्य रुग्ण गोरे अमेरिकी आहेत. त्यामुळे तिथला आलेख तंबाखू खाणाऱ्या मराठी रुग्णाच्या गालाच्या कर्करोगाला जसाच्या तसा लावता येत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग जीनोम संघाच्या भारतीय शाखेने हिरडी आणि गालाचा कर्करोगच निवडला. पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमशास्त्र संस्था आणि नवी मुंबईतील खारघरचे टाटा स्मारक केंद्राचे ‘ॲक्ट्रेक’ यांनी मिळून केलेल्या या कामाचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. टीपी५३ सारख्या परिचित जनुकांबरोबर यूएसपी९एक्स, एमएलएल४, एआरआयडी२, यूएनसी१३सी आणि टीआरपीएम३ ही जनुकेही या कर्करोगात वारंवार बदललेली आढळली.