धक्क्यानंतर लगेच बोलतं करायची घाई नको

माझा मावसभाऊ एका कारखान्यात प्रेस शॉपला आहे. शेजारच्या मशीनवर एका मुलाची दोन बोटं गेली. दुसऱ्या दिवशी अख्ख्या पाळीला कॅन्टीनमध्ये गोल करून बसवलं आणि प्रत्येकाला विचारलं, काय पाहिलंत, तेव्हा मनात काय आलं? हेतू चांगलाच होता. पण भावाने ती बोटं पाहिलीच नव्हती. त्याला ती कॅन्टीनमध्ये दिसली, दुसऱ्यांच्या तोंडून. पुढे कितीतरी दिवस प्रेस आपटला की त्याचा हात आपोआप मागे यायचा.

अशा बैठकांची पद्धत अमेरिकेत जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये मांडली. सगळं लवकर बोलून टाकलं की मनात साचत नाही, ही कल्पना कुणालाही पटावी अशी. आपणही ‘रडून मोकळा हो’ म्हणतोच. पुढे ब्रिटनमधल्या कार्डिफमध्ये भाजलेल्या रुग्णांबरोबर अशीच, पण एकेकट्याची बैठक घेऊन पाहिली. १९९७ मध्ये निष्कर्ष आले : तेरा महिन्यांनंतर बैठक झालेल्यांपैकी २६ टक्क्यांना पीटीएसडी, म्हणजे धक्क्यानंतर मनात ठाण मांडून बसणारा आजार, होता, न झालेल्यांपैकी ९ टक्क्यांना. बैठकीच्या गटातले रुग्ण मुळातच जास्त भाजलेले होते, म्हणून एवढ्यावरून निवाडा करता येत नाही. पण नंतर बऱ्याच चाचण्या एकत्र तपासल्या, तरी एका बैठकीने पीटीएसडी टळतो असं काही दिसलं नाही.

असं का व्हावं? भीतीच्या वेळी शरीरात अ‍ॅड्रेनलिन वाढतं आणि त्या प्रसंगाच्या आठवणी खोल रुजतात. शरीर अजून शांत झालेलं नसताना तोच प्रसंग पुन्हा उकरला, तर ती आठवण आणखी घट्ट होत असावी, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं.

मग कंपनीने करायचं काय? सुरुवातीला अगदी साधी कामं : पाणी, बसायला शांत जागा, घरी फोन, सोबतीला माणूस. ज्याला बोलायचंय त्याचं ऐकावं, नाही त्याला सोडावं. आणि त्या दिवसांचा पगार कापू नये, याला मी फार महत्त्व देतो. बहुतेक जण काही आठवड्यांत सावरतात. महिना उलटूनही झोप लागत नसेल, तेच तेच दिसत असेल, तर मात्र तज्ज्ञ हवाच. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन, १४४१६, मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

तयारी मात्र आधीच करावी लागते. भेदरलेलं डोकं नवा विचार करत नाही, सरावातलं तेवढं आठवतं. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये १९९३ ला बॉम्बस्फोट झाला. त्यानंतर तिथल्या मॉर्गन स्टॅन्ली कंपनीचे सुरक्षाप्रमुख रिक रेस्कोर्ला कर्मचाऱ्यांना पुन्हा पुन्हा जिने उतरायला लावत. कामाचा खोळंबा होतो म्हणून लोक वैतागत. ११ सप्टेंबर २००१ ला त्याच जिन्यांनी अडीच हजारांहून जास्त माणसं बाहेर पडली. मागे राहिलेल्यांना शोधायला रेस्कोर्ला पुन्हा वर गेले, ते परतले नाहीत.

भावाला शेवटी सावरलं ते एका जुन्या फिटरकाकांनी. त्यांनी मशीन इंचिंगवर टाकलं आणि त्याच्या शेजारी उभं राहून प्रेस थोडा थोडा खाली आणायला लावला. तीन दिवस. काकांनी त्याला त्या अपघाताबद्दल एक शब्द विचारला नाही. चौथ्या दिवशी चहाला भाऊ स्वतःच बोलायला लागला.