"आमच्या घरात कुणाला असलं काही नाही" असं फॉर्मवर लिहिण्याआधी

मनाच्या त्रासासाठी आमच्याकडे अपॉइंटमेंट घेतली की आमचा दोन पानी फॉर्म व्हॉट्सॲपवर येतो. त्यात घरच्यांबद्दल पाच-सहा प्रश्न आहेत आणि दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच, त्रास पोराला होतोय तर आजोबांची चौकशी कशाला? म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

डिप्रेशन, एंग्झायटी घराण्यात चालते हे खरंय, बीपी-शुगर चालते तशीच. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला डिप्रेशन झालेलं असेल तर धोका इतरांपेक्षा साधारण दोन ते तीन पट. जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून डिप्रेशनमधला आनुवंशिकतेचा वाटा 37 टक्क्यांच्या आसपास निघालाय, एंग्झायटीचा त्याहून थोडा कमी. हा आकडा वाचून पालक घाबरतात की पोराला 37 टक्के चान्स आहे, तर तसं अजिबात नाहीये. एकाला होतं आणि दुसऱ्याला होत नाही, या फरकातला तेवढा भाग जीन्समुळे, बाकीचा आयुष्यात जे घडतं त्यामुळे, म्हणजे होस्टेलचं एकटेपण, बॅकलॉग, घरातली दारू, "काकाची पोरगी बघ कुठं पोचली" हे रोजचं ऐकणं. आणि एकच असं जीन नसतं, शेकडो असतात, प्रत्येकाचा परिणाम कणभर. त्यामुळे डीएनए टेस्टने याचं निदान होत नाही, त्यात पैसे घालू नका.

आता मुख्य गोष्ट. पोरं "नाही" लिहितात ती खोटं बोलत नाहीत, त्यांना माहीतच नसतं. आईला माहीत असतं पण ती बोलत नाही, बहिणीचं लग्न व्हायचंय ना. मग चौथ्या भेटीत कळतं की मामा दोन वर्षं मिलमध्ये गेलाच नव्हता, आणि आम्हाला परत पहिल्यापासून सुरू करावं लागतं. वेळही तुमचा, फीही तुमची.

त्यामुळे रविवारी घरी जाल तेव्हा आजीला विचारा. "डिप्रेशन कुणाला होतं" असं विचारलंत तर नाहीच म्हणेल. बाळंतपणानंतर कोण बोलेनासं झालं होतं, कुणाला झोपेच्या गोळ्या चालू होत्या, कुणाच्या अंगात येतं म्हणून देवऋषाकडे नेलेलं, कोण महिनाभर झोपच न घेता उधळपट्टी करत सुटलं होतं, कुणी जीव द्यायचा प्रयत्न केला होता, असं विचारा. त्यातलं उधळपट्टीवालं उत्तर फार महत्त्वाचं, कारण तो बायपोलर असू शकतो, म्हणजे कधी खोल उदासी तर कधी उधाण आल्यासारखा अति उत्साह असा आजार, आणि घरात बायपोलर असेल तर सायकियाट्रिस्ट गोळ्या निवडताना वेगळा विचार करतात, नुसत्या डिप्रेशनच्या गोळीने काहींची गाडी उलट्या टोकाला जाते. घरात कुणाला कुठली गोळी लागू पडली होती तेही लिहा, उपयोगी पडतं.

रक्ताचं नातं मोजा. काकू, मामी नकोत. पण आपल्याकडे मामाच्या, आत्याच्या घरात लग्नं होतात, आईवडील नात्यातले असतील तर तेवढं नक्की लिहा.

फॉर्म गोपनीय राहतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात तुमचा तो हक्क आहे, आणि अठरा पूर्ण असाल तर तुम्ही काय बोललात ते तुम्हाला विचारल्याशिवाय आम्ही आईवडिलांनाही सांगत नाही. पहिली भेट आम्ही पूर्ण एक तासाची ठेवतो, काहींना जास्त वाटते, पण वीस मिनिटांत घराणं समजत नाही. फॉर्म नीट भरलेला असला तर त्याच तासात पुढचा प्लॅनही ठरतो. आई बरोबर आली तर तिच्याशी अर्धा तास वेगळा बोलतो, त्याची फी नाही. कॉलेजवाल्यांसाठी शनिवारी संध्याकाळी सातपर्यंत असतो.

जगायचं नाही असं कुणी बोलत असेल तर मात्र फॉर्म, अपॉइंटमेंट काही नको, त्याला एकटं सोडू नका, सरळ जवळच्या हॉस्पिटलात न्या. टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.