स्टेरॉइड संप्रेरके आणि उंदरांमधील अर्बुदवाढ

ईस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरोन, अँड्रोजेन आणि ग्लुकोकॉर्टिकॉइडे ही स्टेरॉइड संप्रेरके प्रयोगशाळेतील उंदरांत काही अर्बुदे (पेशींच्या गाठी) वाढवतात, तर काहींची वाढ रोखतात. मेदात विरघळत असल्याने ती पेशीपटलातून आत शिरतात आणि आपापल्या ग्राही प्रथिनाला (संप्रेरक ओळखून पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटतात. मग ही जोडी डीएनएवर ठरावीक जागी बसून जनुकांचे काम वाढवते किंवा कमी करते.

अमेरिकेतील उंदीरपालक ॲबी लॅथ्रॉप आणि विकृतिशास्त्रज्ञ लिओ लोब यांनी १९१६ मध्ये दाखवले, की मादीचे अंडाशय लहान वयातच काढले तर स्तनात अर्बुद होण्याचे प्रमाण घटते. लॅथ्रॉप यांनी पिढ्यानपिढ्यांच्या नोंदी नेटाने ठेवल्या होत्या. त्यांचे श्रेय आवर्जून द्यायला हवे. पुढे १९३२ मध्ये फ्रान्समध्ये आंत्वान लाकासान्य यांनी ईस्ट्रोजेन टोचून नर उंदरांतही स्तनाचा कर्करोग घडवून आणला.

मात्र संप्रेरक एकटे काम करत नाही. जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये दाखवले, की स्तनार्बुदाला कारणीभूत होणारा एक घटक आईच्या दुधातून पिलांत उतरतो. तो विषाणू निघाला आणि त्याच्या जनुकीय साखळीतच ग्लुकोकॉर्टिकॉइड व प्रोजेस्टेरोन यांच्या ग्राहींना बसायची जागा सापडली. त्यामुळे एका वाणाच्या उंदरांवरचा निष्कर्ष दुसऱ्या वाणाला जसाच्या तसा लावणे धोक्याचे आहे. सीई वाणात तर जन्मानंतर लवकर जननग्रंथी काढल्या की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतच अर्बुदे होतात.

मानवी अर्बुदांसाठी थायमस ग्रंथी नसलेले, केसविरहित उंदीर वापरतात; परक्या पेशी नाकारण्याची त्यांची क्षमता तोकडी असते. मानवी स्तनकर्करोगाच्या एमसीएफ-७ पेशी त्यांच्यात रुजवताना बहुधा कातडीखाली ईस्ट्रॅडिऑल या ईस्ट्रोजेनची बारीक गोळी ठेवतात, कारण उंदराचे स्वतःचे ईस्ट्रोजेन पुरत नाही. गाठीची लांबी-रुंदी कॅलिपरने मोजत राहतात. ईस्ट्रोजेनचा ग्राही अडवणारे टॅमॉक्सिफेन हे औषध दिल्यावर वाढ मंदावते. शिओनोगी हे उंदराचेच स्तनार्बुद अँड्रोजेनवर पोसले जाते. वृषणे काढल्यावर ते आक्रसते, पण कालांतराने अँड्रोजेनविना वाढू लागते. प्रोस्टेट कर्करोगाच्या रुग्णांत दिसणारा हाच प्रकार अभ्यासण्यासाठी ते मोलाचे ठरले.

ग्लुकोकॉर्टिकॉइडांचा परिणाम दुधारी असतो. हाइलमन आणि केंडल यांनी १९४४ मध्ये कॉर्टिसोन या ग्लुकोकॉर्टिकॉइडाने उंदरांतील लसीका-सार्कोमा (लसीका ऊतींचा कर्करोग) आक्रसल्याचे नोंदवले. उलट, हीच संप्रेरके प्रतिकारशक्ती दडपतात आणि काही स्तनार्बुदांचा प्रसार वाढवतात. शिवाय उंदीर घाबरला की त्याच्या रक्तातले कॉर्टिकोस्टेरोन हे ग्लुकोकॉर्टिकॉइड वाढते. म्हणून प्रयोगातील आणि तुलनेच्या गटातील उंदरांची हाताळणी, पिंजरे व प्रकाशाच्या वेळा काटेकोरपणे सारख्या ठेवतात.