विज्ञानाचे तत्त्वज्ञान : विद्यापीठांतील स्थान

पुरावा, निसर्गनियम, कार्यकारणभाव, सिद्धांत अशा विज्ञानातील मूलभूत संकल्पनांची चिकित्सा करणारी ज्ञानशाखा. न्यूटनने १६८७ च्या आपल्या ग्रंथाच्या नावातच ‘निसर्ग-तत्त्वज्ञान’ म्हटले होते. विद्यापीठांत विज्ञान आणि तत्त्वज्ञान यांची वाटणी झाली ती मुख्यतः १९ व्या शतकात.

व्हिएन्ना विद्यापीठाने १८९५ मध्ये तत्त्वज्ञानाच्या अध्यासनावर एर्न्स्ट माख या भौतिकीतज्ज्ञाला नेमले. १९२२ मध्ये तेथे आलेले मॉरिट्झ श्लिक यांची डॉक्टरेटही भौतिकीतलीच, माक्स प्लांक यांच्या हाताखालची. त्यांच्याभोवती जमलेला तत्त्वज्ञ व वैज्ञानिकांचा गट, म्हणजे व्हिएन्ना वर्तुळ, १९३६ मध्ये त्यांचा खून झाल्यावर आणि नाझी राजवटीमुळे विखुरला. अनेक सभासद अमेरिकेत गेले आणि या विषयाचे केंद्रही तिकडे सरकले. विज्ञानाचे इतिहासकार व तत्त्वज्ञ टॉमस कून हेही मुळात भौतिकीचेच डॉक्टर.

तत्त्वज्ञानावर वैज्ञानिकांची नाराजी मात्र जुनी आहे. स्टीव्हन वाइनबर्ग यांनी १९९२ मध्ये ‘तत्त्वज्ञानाविरुद्ध’ असे एक प्रकरणच लिहिले, तर २०१० मध्ये स्टीफन हॉकिंग यांनी सहलेखकासह तत्त्वज्ञान मेल्याचे जाहीर केले. ‘मेले’ म्हणणे घाईचे होते, हे बेल-असमानतेच्या उदाहरणावरून दिसते. मोजण्यापूर्वी कणाचे गुणधर्म ठरलेले असतात का, हा प्रश्न बरीच वर्षे निव्वळ तात्त्विक म्हणून बाजूला टाकला जाई. १९६४ मध्ये जॉन बेल यांनी, ते आधीच ठरलेले असतील आणि दूरच्या मोजणीचा त्यांच्यावर परिणाम होत नसेल, तर दोन दूरच्या कणांवरील मोजण्यांच्या परस्परसंबंधांना किती मर्यादा पडेल हे गणिताने दाखवले; हीच बेल-असमानता. ही कसोटी प्रयोगशाळेत उतरवणारा १९६९ चा शोधनिबंध चौघांचा होता. त्यांतील ॲबनर शिमनी यांच्याकडे येल विद्यापीठाची तत्त्वज्ञानातील आणि प्रिन्स्टनची भौतिकीतील, अशा दोन डॉक्टरेट होत्या. बॉस्टन विद्यापीठात ते दोन्ही विभागांत शिकवत. सहलेखक जॉन क्लाउझर यांनी १९७२ मध्ये प्रयोग केला, मर्यादा ओलांडली गेल्याचे दिसले आणि २०२२ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकात ते वाटेकरी झाले.

केंब्रिज, पिट्सबर्ग येथे विज्ञानाचा इतिहास व तत्त्वज्ञान असा स्वतंत्र विभाग आहे. महाराष्ट्रात अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिराचा (१९१६) ओढा वेदान्ताकडे राहिला. आयआयटी मुंबईत तत्त्वज्ञान शिकवले जाते, पण मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे विभागात.