गेमचा अभ्यास विद्यापीठापर्यंत कसा पोहोचला

बारावीचा निकाल लागला की कोल्हापुरातल्या बऱ्याच घरांत हल्ली हा विषय निघतो. मुलगा किंवा मुलगी म्हणते, गेम डिझाइनला जायचंय. घरच्यांना वाटतं, म्हणजे कोडिंग आणि ॲनिमेशन. काहींना तर मोबाइलवरची पैसे लावून खेळायची रमीच आठवते. या गोंधळात पालकांचा दोष नाही. हा विषय दोन वेगळ्या वाटांनी वाढला आणि त्या वाटा एकत्र येऊन जेमतेम पंचवीस वर्षं झाली आहेत.

पहिली वाट प्रयोगशाळेतली. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी पीडीपी-१ या संगणकावर ‘स्पेसवॉर’ हा खेळ रचला. या खेळात पडद्यावर दोन अवकाशयानं एकमेकांवर मारा करत. सुरुवातीला आकाश मोकळं होतं, त्यामुळे ज्याचा हात चपळ तो जिंकायचा. मग डॅन एडवर्ड्सने मधोमध एक तारा ठेवला आणि त्याला गुरुत्वाकर्षण दिलं. यानं ताऱ्याकडे ओढली जाऊ लागली. आता ताऱ्यावर आदळायचं नाही, उलट त्याच्या ओढीचा फायदा घेऊन वळण मारायचं, हेही खेळाडूला सांभाळावं लागलं. यानं तीच, मारा तोच. एका नियमाने खेळ वेगळा झाला. गेम डिझाइन म्हणजे काय, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं शोधून सापडायचं नाही.

दुसरी वाट ग्रंथालयातली आणि ती आणखी जुनी. डच इतिहासकार योहान हौझिंगा यांनी १९३८ मध्ये ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात मांडलं की संस्कृती खेळातून घडते. फ्रेंच विचारवंत रॉजे कायवा यांनी १९५८ मध्ये खेळांच्या चार जाती सांगितल्या: स्पर्धा, नशीब, सोंग आणि भोवळ. जत्रेत कुस्तीचा फड, सोरट, बहुरूपी आणि आकाशपाळणा पाहिलेल्या माणसाला ही विभागणी लगेच पटते. या दोघांसमोर संगणकावरचे खेळ मात्र नव्हतेच.

१९७२ मध्ये अटारी या अमेरिकी कंपनीचा ‘पाँग’ हा व्हिडिओ गेम आला आणि गेमचा धंदा जोरात सुरू झाला, पण विद्यापीठांनी बराच काळ तिकडे पाहिलं नाही. शिक्षणाची सुरुवात उद्योगाच्या गरजेतून झाली. डिजीपेन या संस्थेने १९९४ मध्ये निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीच्या सहकार्याने कॅनडात गेम प्रोग्रॅमिंग शिकवायला घेतलं. १९९७ मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबर्टे विद्यापीठाने त्यात पदवी सुरू केली. त्याच वर्षी एस्पेन ऑर्सेट आणि जॅनेट मरे या अभ्यासकांचे ग्रंथ आले आणि वाद पेटला: गेम वाचायचा तो गोष्ट म्हणून, की नियमांची रचना म्हणून? २००१ मध्ये ‘गेम स्टडीज’ हे नियतकालिक निघालं, तेव्हा ऑर्सेट यांनी त्या वर्षाला या विद्याशाखेचं पहिलं वर्ष म्हटलं. माझ्या मते या वादानेच विषयाला वजन आलं. भांडायला मुद्दा असल्याशिवाय शास्त्र उभं राहत नाही.

दोन्ही वाटा जोडणारी मांडणी २००४ मध्ये रॉबिन हुनिके, मार्क लेब्लांक आणि रॉबर्ट झुबेक यांनी केली. त्यांनी खेळाचे तीन थर मानले: नियम, नियमांतून घडणारं वागणं आणि त्यातून येणारा अनुभव. रचणारा नियमांकडून निघतो, खेळणाऱ्याच्या वाट्याला आधी अनुभव येतो. कोल्हापूरकराला हे कुस्तीवरून चटकन कळेल. मातीवरच्या निकाली कुस्तीत पाठ लागेपर्यंत झुंज चालते. म्हणून मल्ल दम राखतो, समोरच्याला दमवतो, संधीची वाट पाहतो आणि खासबाग मैदानातला प्रेक्षक श्वास रोखून बसतो. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुण. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की लढत संपली. तिथे वाट पाहणं महागात पडतं, म्हणून चढाई वाढते, आणि प्रेक्षकाची नजर मल्लांइतकीच गुणफलकावर असते. नियम बदलला, पवित्रा बदलला, बघण्यातली मजाही बदलली. तालमीतले वस्ताद हे विश्लेषण रोज तोंडी करतात.

भारतात हा विषय उशिरा आला. एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डिजिटल गेम डिझाइन पदव्युत्तर पातळीवर शिकवलं जातं. २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ॲनिमेशन, व्हीएफएक्स (पडद्यावरची दृश्य करामत), गेमिंग आणि कॉमिक्ससाठी कृती दल जाहीर झालं. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, त्यापासून वेगळं काढलं. पालकांशी बोलताना हा फरक आवर्जून सांगावा.

कोल्हापूरला एक जुना अनुभव आहे. बाबूराव पेंटर यांनी इथे स्वतः कॅमेरा बनवून चित्रपट काढले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी १९२९ मध्ये इथेच प्रभात फिल्म कंपनी उभारली. १९३३ मध्ये ती पुण्याला गेली आणि १९६० मध्ये तिच्याच जागेत देशाची चित्रपट शिक्षणसंस्था सुरू झाली. कसब कोल्हापुरात घडलं, अभ्यासक्रम पुण्यात झाला. गेमच्या बाबतीत हे पुन्हा घडू नये, असं मला मनापासून वाटतं. शहरात कलामहाविद्यालयं आहेत, अभियांत्रिकीची आहेत, विद्यापीठात भाषा आणि समाजशास्त्रं आहेत. पण चित्र काढणारा, कोड लिहिणारा आणि समीक्षा करणारा विद्यार्थी एका वर्गात बसत नाही. नव्या शैक्षणिक धोरणातल्या मेजर-मायनर, म्हणजे मुख्य विषयासोबत दुसरा जोडविषय घेण्याच्या, रचनेत ते आता शक्य आहे.

सुरुवातीला महागडी लॅबही लागत नाही. पहिल्या सत्रात सारीपाट किंवा पत्त्यांचा एखादा डाव घ्यावा, त्यातला एकच नियम बदलावा, तो अनोळखी माणसांना खेळायला द्यावा, कोण कुठे अडलं, कोण कुठे कंटाळलं याची टिपणं ठेवावीत आणि गुण त्या टिपणांना द्यावेत.